पैसे कशाचे मागते आहे? वर्गणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मार्चअखेरीला मी वाचकांना वर्गणीची आठवण करते आणि पुढचे पंधरा दिवस मेलमध्ये तेच ते प्रश्न येत राहतात. काही सरळ, काही आडून, एखादा चिडलेला. उत्तरं एका जागी असलेली बरी. प्रश्न वाचकांच्याच शब्दांत ठेवले आहेत, ऱ्हस्वदीर्घ तेवढं सुधारलं. जुनी खोड आहे.

मी नवीन आहे. हे पत्र म्हणजे नेमकं काय?

महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी मी ईमेलने एक ललित लेख पाठवते. दीड-दोन हजार शब्दांचा. विषय माझ्या आसपासचे असतात: वाईतलं घर, कृष्णेला आलेलं पाणी, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात हयात गेलेले माझे वडील, आईची औषधांची वही, साताऱ्याच्या एसटीत शेजारी बसलेली बाई. बातमी नसते, सल्ला नसतो, आयुष्य बदलणाऱ्या दहा सवयी तर नसतातच. वर्षाला २४ पत्रं होतात.

सगळी पत्रं फुकट येतात. मग पैसे कशाचे?

वेळेचे. एका पत्राला सरासरी २२ तास लागतात. हा अंदाज नाही, मी वहीत लिहून ठेवते. पहिला खर्डा पाच-सहा तासांत होतो. उरलेला वेळ तो मोडण्यात, पुन्हा जुळवण्यात आणि ज्या वाक्यावर आपण खूश आहोत ते काढून टाकण्यात जातो. माझं पोट अनुवादावर चालतं. त्याच २२ तासांत बँकांच्या अटीशर्ती आणि औषधांच्या माहितीपत्रकांचा अनुवाद केला, तर साधारण दहा हजार रुपये मिळतात. म्हणजे प्रत्येक शनिवारचं पत्र हे कुठल्या तरी कामाला 'या आठवड्यात जमणार नाही' असं सांगून लिहिलेलं असतं. हे मी किती वेळा सांगू शकते, त्याचं उत्तर वर्गणीत आहे.

वर्गणी किती?

वर्षाला ९०० रुपये. विद्यार्थी, निवृत्त किंवा ज्यांची सध्या ओढाताण आहे त्यांच्यासाठी ४५०. पुरावा मागत नाही. 'मी ४५० भरले तर चालतील का' असं विचारायचीही गरज नाही, भरून टाका.

महिन्याला दोन कप चहाचे पैसे, अशी तुलना करायची पद्धत आहे. मी ती करत नाही, कारण चहा लागतोच.

या पैशांचं तुम्ही करता काय? हिशेब दाखवाल का?

दाखवते. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात पत्र जात होतं १,८४० जणांना. वर्गणी भरली ९६ जणांनी. अर्धी वर्गणी भरणारे काही आहेत आणि हजार-अकराशे देणारेही आहेत. दोन्हींची वजाबाकी-बेरीज होऊन योगायोगाने जमा आली बरोबर ८६,४०० रुपये, म्हणजे सगळ्यांनी नऊशे भरल्यासारखीच.

खर्चात सगळ्यात मोठा आकडा ईमेल पाठवणाऱ्या सेवेचा: महिना १,४०० प्रमाणे १६,८००. साध्या ईमेलमधून एकदम अठराशे जणांना पत्र पाठवलं की ते बहुतेकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं, म्हणून ही सेवा. संकेतस्थळाच्या नावाचे १,१००. वर्षाच्या शेवटी विवरणपत्र भरून देणाऱ्या सीएंचे ४,०००. प्रत्येक पत्र पाठवण्याआधी एक मैत्रीण ते तपासते, तिला पत्रामागे ३०० प्रमाणे ७,२००. (ती घ्यायला तयार नव्हती. मी म्हटलं, तू फुकट तपासलंस तर मी लोकांकडे कुठल्या तोंडाने मागू?) कार्डाने भरलेल्या वर्गणीतून पेमेंट गेटवेने कापलेले ७४३. खर्च एकूण २९,८४३.

उरले ५६,५५७. चोवीस पत्रांत वाटले तर पत्रामागे साधारण २,३५७ आणि तासाला १०७ रुपये. त्याच्या आदल्या वर्षी हाच आकडा ८१ होता, त्यामुळे मी अगदीच नाराज नाही.

वर्गणी भरणाऱ्यांना जास्तीचं काय मिळतं?

काही नाही.

हे उत्तर ऐकून बरेच जण हसतात, काही नाराज होतात. एका हितचिंतकाने मला नीट समजावूनही सांगितलं होतं की असं चालत नाही, लोकांना 'आतलं' काही तरी द्यावं लागतं. भरणाऱ्यांसाठी वेगळं पत्र, अधिक मोकळं, अधिक खासगी. मी ते एकदा मनावर घेतलंही होतं. ते का सोडलं, हे जरा सविस्तर सांगते, कारण या पानावर सांगण्यासारखं खरं तर एवढंच आहे.

दुसऱ्या वर्षी मी माझ्या भावावर एक पत्र लिहिलं. त्याने धंद्यासाठी काढलेलं कर्ज, ते फेडताना विकलेली आईची पाटल्यांची जोडी, जेवायला बसल्यावर घरात कुणी कुणाकडे बघत नसे ते दिवस. लेख म्हणून तो बरा उतरला होता, अजूनही मला तसंच वाटतं. ते पत्र गेलं आणि आठवड्याभरात १४ जणांनी वर्गणी भरली. त्याआधी महिन्याला दोन किंवा तीन भरायचे. लांबलचक मेल आले, फॉरवर्ड झालं, एका बाईंनी 'रडले हो' असं लिहून दोन हजार पाठवले.

पुढचं पत्र होतं आमच्या गल्लीतल्या कल्हईवाल्यावर. त्या आठवड्यात वर्गणी आली शून्य. आणि तिसऱ्या पत्राला बसले तेव्हा मी वहीत विषयांची यादी केली तर त्यात होतं: आईचं ऑपरेशन, मामाचं दारूचं प्रकरण, माझं मोडलेलं लग्न. कल्हईवाल्यासारखा एकही विषय त्यात नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच कळलं होतं की दुकानात काय खपतं.

भावाला ते पत्र त्याच्या मित्राने दाखवलं. मी दाखवायला हवं होतं. तो भांडला नाही, फक्त गणपतीला घरी आला नाही. आईने विचारलं, 'तू त्याचं काय छापलंस?' तिच्या लेखी ईमेलसुद्धा छापलेलंच असतं, आणि या बाबतीत तिचंच बरोबर आहे.

तेव्हा ठरवलेल्या तीन गोष्टी अशा. पत्रात ज्याच्याबद्दल आहे त्याने ते आधी वाचायचं, आणि त्याला खोडायचा हक्क. पैसे भरणारा आणि न भरणारा यांना एकच पत्र. आणि वर्गणी घ्यायची ती वर्षाची, एका पत्राची कधीच नाही, म्हणजे कुठल्या लेखावर किती आले हे मला मोजताच येऊ नये. म्हणून वर्षभर इतर वेळी मी वर्गणीची आठवणही करत नाही. मार्चअखेर तेवढी.

माणूस स्वतःबद्दल लिहितो तेव्हा कच्चा माल घरातल्याच माणसांचा असतो. तुम्ही जास्त पैसे दिलेत म्हणून माझ्या आईबद्दल तुम्हाला जास्त कळणार नाही. हे वाचून ज्यांना भरावंसं वाटतं, त्यांच्याच पैशांवर हे चालावं अशी माझी इच्छा आहे.

भावाचं पुढे काय झालं?

हा वर्गणीबद्दलचा प्रश्न नाही.

जाहिरात किंवा प्रायोजक का घेत नाही?

विचारणा झाली होती. जुन्या वाड्यावरचं पत्र वाचून पुण्याच्या एका बिल्डरांचा फोन आला, 'तुमच्या लेखाखाली आमच्या प्रकल्पाची चार ओळींची जाहिरात शोभून दिसेल.' पत्र वाडा पाडल्याबद्दलचं होतं. त्यांनी ते वाचलं नसावं, किंवा वाचूनच फोन केला असावा.

दिवाळी अंकांत माझे लेख येतात आणि तिथे जाहिराती असतात, त्याबद्दल तक्रार नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आजवर ही परंपरा टिकली, त्यात लोणची, सोनं आणि पतसंस्था यांचा वाटा लेखकांइतकाच आहे. एकदा माझा आजीवरचा लेख डाव्या पानावर आणि संपूर्ण संचालक मंडळाचे हसरे फोटो उजव्या पानावर, असा अंक आला होता. आजीला मजा वाटली असती. पण अंक वर्षातून एकदा येतो आणि जाहिराती गोळा करायला संपादकांकडे माणसं असतात. माझ्याकडे मीच आहे. शिवाय मानधन म्हणून कधी कधी लेखकाची प्रत येते, तिच्यावर लाइट बिल भरता येत नाही.

स्वतःच्या लिखाणासाठी लोकांकडे असे पैसे मागणं बरं दिसतं का?

दिसायला बरं दिसत नाही, मान्य. पहिली आठवण लिहिताना मी तीन दिवस घालवले आणि तिच्यात चार वेळा 'क्षमस्व' होतं. तपासणाऱ्या मैत्रिणीने चारही खोडले.

पण मराठीत हे नवं आहे असं कुणी म्हणू नये. एकट्याने निबंध लिहायचे आणि दर महिन्याला वर्गणीदारांना पाठवायचे, हा उद्योग विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली सुरू केला. 'निबंधमाले'चे ८४ अंक निघाले आणि त्यांतला जवळजवळ सगळा मजकूर त्यांचा एकट्याचा होता. बरीच वर्षं पगार येत होता सरकारी शाळेतल्या नोकरीचा, हेही लक्षात घ्यायला हवं. त्यांचा आवेश माझ्यात नाही, मतंही बरीच वेगळी आहेत. पण वर्गणी मागताना लाज वाटली की मी त्यांची आठवण काढते.

माझ्या वडिलांना यात लाज वाटण्यासारखं काहीच दिसत नाही. त्यांच्या छापखान्यात दोन लहान मासिकं छापली जात. वर्गणी संपत आली की अंकाच्या वेष्टनावर लाल शिक्का: 'आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे.' पुढचा अंक व्ही.पी.ने. पोस्टमन दारात, पैसे द्या आणि अंक घ्या. काही घरांतून व्ही.पी. परत यायची आणि टपालखर्च संपादकाच्या अंगावर पडायचा. 'छापखान्याची उधारी दोघांकडेच बुडते,' ते सांगतात, 'निवडणुकीचा उमेदवार आणि कवी.' मी गद्य लिहिते याचं त्यांना समाधान आहे.

मी तीन वर्षं फुकट वाचतोय. अपराधी वाटतं. पत्र बंद करून टाकू का?

अजिबात नको. वाचनालयात मासिकाचा एक अंक चाळीस जण वाचायचे आणि वर्गणी एकट्या वाचनालयाची असायची. त्या चाळिसांना कुणी फुकटे म्हणत नव्हतं. तुम्ही वाचनालयातले आहात असं समजा. ज्या वर्षी जमेल त्या वर्षी भरा. मागची बाकी धरत नाही.

आजीव वर्गणी आहे का? एकदाच भरून मोकळं व्हायचं आहे.

नाही, आणि होणारही नाही. आजीव वर्गणीचा पैसा येतो तेव्हा दिवाळी आणि पुढची सगळी वर्षं उपवास, हे मराठी मासिकांनी करून पाहिलं आहे. शिवाय 'आजीव' म्हणजे कुणाचं आयुष्य, तुमचं, माझं की पत्राचं, हे कधीच ठरलेलं नसतं.

दरवर्षी खात्यातून आपोआप पैसे जातील अशी सोय का नाही?

करता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२१पासून लागू झालेल्या नियमांनुसार असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवावं लागतं, त्यामुळे ती पूर्वीइतकी फसवी राहिलेली नाही. तरी नको. वर्षातून एकदा तुम्ही 'हे अजून हवं आहे का' असा विचार करावा, त्यात माझा तोटा झाला तरी चालेल. गेल्या वर्षी १९ जणांनी पुन्हा भरली नाही. त्यांतल्या तिघांनी का ते लिहून कळवलं, आणि त्या तीन मेलमधून मला जेवढं शिकायला मिळालं तेवढं कौतुकाच्या मेलमधून मिळत नाही. एकाने लिहिलं होतं, 'पावसाळा फार येतो.' खरं आहे, येतो. मी कमी केला.

सबस्टॅकसारखं तयार काही वापरलं तर सोपं नाही का?

पाठवणं सोपं होईल, पैशाचं नाही. सबस्टॅक ही ईमेल-पत्रं पाठवून वर्गणी गोळा करून देणारी सेवा. ती वर्गणीतले दहा टक्के घेते आणि पैशाची देवाणघेवाण स्ट्राइप या पेमेंट कंपनीमधून होते. स्ट्राइपने २०२४ साली भारतातली नवी खाती फक्त निमंत्रणावर द्यायचं ठरवलं. मला निमंत्रण आलेलं नाही. वाईत लग्नाची येतात तेवढी पुरतात. थेट यूपीआयने तुम्ही पाठवलेले ९०० रुपये माझ्याकडे ९००च पोचतात, हे त्याहून साधं आहे. गेल्या वर्षी ९६ पैकी ६१ जणांनी तसेच पाठवले.

मी परदेशात असतो. तिथून कसे पाठवू?

भारतातल्या खात्यातून पाठवलेत तर उत्तम. परदेशी कार्ड चालतं, पण त्यावर कपात जास्त होते. बऱ्याच जणांची वर्गणी त्यांची नाशिकची बहीण किंवा कोल्हापूरचे सासरे भरतात. तसं असेल तर भरणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं अशी दोन्ही नावं कळवा, नाही तर मी सासऱ्यांना पत्र सुरू करते. एकदा झालंय. ते आता नियमित वाचक आहेत, जावई नाहीत.

एक विनंती: रकमेपुढे 'देणगी' असं लिहू नका. परदेशी नागरिकांकडून येणाऱ्या देणग्यांसाठी आपल्याकडे एफसीआरए, २०१० हा वेगळा कायदा आहे. मी देणगी घेत नाही. लेख पाठवते आणि त्याची वर्गणी घेते, तेव्हा 'वर्गणी' असंच लिहा.

८०जीखाली करसवलत मिळेल का? जीएसटीची पावती?

दोन्ही नाही. ८०जीची सवलत नोंदणीकृत संस्थांना दिलेल्या देणगीवर मिळते, मी संस्था नाही. जीएसटीसाठी सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर जावी लागते. तेवढी गेली तर पहिला पेढा तुम्हाला. साधी पावती मेलने येते, आणि ही सगळी जमा मी माझ्या उत्पन्नात दाखवून विवरणपत्र भरते.

एखादं पत्र चुकलं तर?

पत्र चुकलं की सगळ्यांची वर्गणी पंधरा दिवस पुढे सरकते. आई दवाखान्यात होती तेव्हा दोन चुकली, वर्गणी महिनाभर पुढे गेली. वर्षाच्या मधेच पत्र बंद करावं लागलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करीन. त्यासाठीच वर्गणीचं खातं वेगळं आहे आणि महिन्याला बाराव्या हिश्शाच्या वर त्यातून मी काढत नाही.

पटलं नाही तर पैसे परत मिळतील?

मिळतील, कारण न विचारता. आजवर एकाने मागितले. एसटी कंडक्टरांवरच्या पत्राने ते दुखावले होते. ते स्वतः कंडक्टर होते आणि त्यांनी दाखवलेली चूक खरोखर माझी होती. पुढच्या पत्रात ती दुरुस्त केली. पैसे परत गेले, ते मात्र वाचतात अजून.

किती वर्गणीदार झाले की तुम्ही समाधानी?

२५०. हा आकडा वहीत मांडून काढला आहे. अडीचशे झाले तर खर्च जाऊन पत्रामागे आठ हजारांच्या आसपास उरतात. अनुवादापेक्षा कमीच, पण इतके की मग शनिवारच्या आधीचे तीन दिवस दुसरं काम घ्यावं लागणार नाही. सध्या मी पत्र रात्री लिहिते आणि ते कधी कधी वाचणाऱ्याला कळतं. अडीचशेच्या वर गेले तर दर वाढवणार नाही. तपासणाऱ्या मैत्रिणीचे ३०० मात्र वाढवीन. ती हे तपासताना खोडेल, पण मी पुन्हा घालणार आहे.

भरणाऱ्यांची नावं जाहीर करता का?

नाही. देवळाच्या पायऱ्यांवर असतात तशा पाट्या इथे नाहीत.

दुसऱ्या कुणासाठी वर्गणी भरता येईल?

येईल. फक्त त्या व्यक्तीला आधी विचारा. न विचारता आलेलं पत्र लोक स्पॅम म्हणून टाकतात, आणि तसं चारपाच जणांनी केलं की बाकीच्यांनाही पत्र मिळायचं बंद होतं.

माझं वय ७८ आहे. यूपीआय वगैरे जमत नाही. चेक चालेल का?

आनंदाने. या पत्राला उत्तर म्हणून मेल केलात की पत्ता पाठवते. चेकवर तारीख घालायला विसरू नका, ती घातल्यापासून तीन महिन्यांत तो वटवावा लागतो. माझं नाव पाठवीन तसंच लिहा. गेल्या वर्षी एका काकांनी नावाआधी 'सौ.' आणि नावानंतर 'लेखिका' असं लिहून चेक पाठवला. बँकेतल्या मुलीने माझ्या पासबुकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चेक परत दिला. काकांनी दुसरा पाठवला, सोबत चार पानी पत्र होतं. त्याचं उत्तर अजून द्यायचं आहे.